हाल

पाहुणा आला की आधी पाणी,
मग सतरंजीचा सावलीतला कोपरा,
मग सगळे गप्प.
जो वयाने मोठा तो म्हणतो : हाल दे.

पाहुण्याने सांगायचं निघाल्यापासूनचं,
क्रमाने, न रंगवता :
कुठल्या खिंडीत दरड आली,
कुठल्या नाल्याला पाणी होतं, घोट्याइतकं की गुडघ्याइतकं,
बरखानच्या बाजारात मेंढी कितीला गेली,
कोण मेलं, कुणाचं कुणाशी मिटलं.
कोहलूच्या या डोंगरांत बातमी पायांनी चालते.
हालात जो खोटं बोलला
त्याला दुसऱ्यांदा कुठल्याच तंबूत
डोळ्याला डोळा भिडवून पाणी मागता येत नाही.

त्या संध्याकाळी द्रेहान आला.
उंट विकून पायी.
खुरट्या ताडाच्या पानांच्या चपला,
एकीचा दोर तुटून तिथे चिंधी बांधलेली.
दक्षिणेकडून आला होता, हबवरून,
जिथे माझा सबझल मामा गेला होता
तीन वर्षांपूर्वी, न सांगता, एका ट्रकच्या टपावर.

आई पडद्याआड रोटी लावत होती :
तापलेल्या गोट्याभोवती कणीक लपेटायची,
निखाऱ्यांजवळ ठेवायची, फिरवत राहायची.
माणशी एक गोटा.
मी मोजले. माणसं सात होती
आणि गोटे आठ.

द्रेहानने हाल दिला.
पाऊस नाही. गवत काळं पडलंय.
बोलानजवळ गाडी बंद पडली, रात्र टायरला टेकून काढली.
एका पोराला विंचू चावला, वाचला.
मेंढीचा भाव सांगितला, तेव्हा आजोबा हुं म्हणाले.
मग खैर आहे म्हणाला, आणि थांबला.
पडद्याआड कणकेवरचा हातही थांबला.

आमच्या बाजूचा हाल आजोबांनी दिला.
चार शेळ्या गेल्या. विहीर दोन पुरुष खाली उतरली.
आणि माझी बायको गेली, म्हणाले,
ताप आला, अकराव्या दिवशी गेली,
शेवटी नाव घेत होती,
कुणाचं ते त्यांनी सांगितलं नाही.
द्रेहानने मान खाली घातली.
चपलेची चिंधी सोडली, परत बांधली.

रात्री आठव्या गोट्याभोवतीची रोटी
कुणी मागितली नाही. जळून कडक झाली.

पहाटे मी त्याच्या मशकीत पाणी भरत होतो.
आई तिथवर आली,
ओढणी दातात धरून, दुसरीकडे बघत,
जणू शेळ्यांशीच बोलतेय :
काल तू सगळा हाल दिला नाहीस.

खूप वेळ फक्त पाण्याचा आवाज.

खडी फोडायच्या यंत्रावर आहे, तो म्हणाला,
डाव्या हाताची दोन बोटं नाहीत.
म्हणाला होता, माझं नाव काढू नकोस,
विचारलंच तर पाऊस सांग.
मला कुणी विचारलं नाही, बाई.
मी खोटं बोललो नाही.

नाही बोललास, आई म्हणाली.

मग खाली बसली, माझ्या हातातून मशक घेतली,
तोंड आवळून बांधलं,
गाठ ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली.
म्हणाली, परत जाशील तेव्हा तो हाल मागेल.
शेळ्यांचं सांग. विहिरीचं सांग.
आईचं सांगू नकोस.
विचारलं तर?
तर पाऊस सांग.
पडला म्हणून सांग.

द्रेहानने तिच्याकडे पाहिलं. एवढं एकदाच.
मग मशक खांद्यावर टाकली
आणि कोरड्या नाल्यातून चालू लागला,
एक पाय नीट, एक चिंधीवर जपून.

आई परत आली ती थेट चुलीपाशी.
राखेतून आठवा गोटा पायाने बाहेर काढला.
अजून कोमट होता.
तो तिने उचलला,
ओढणीच्या पदराने पुसला
आणि बाकीच्या सातांमध्ये ठेवून दिला.